कहाणी आणि वसा

महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराने एका ऋषीला एक प्रश्न विचारला आहे. द्यूतात राज्य गेलेले आहे. अर्जुन दिव्य अस्त्रे मिळविण्यासाठी दूर निघून गेला आहे, आणि काम्यकवनात मागे राहिलेले चौघे बंधू व द्रौपदी त्याच्या आठवणीने व्याकूळ झालेली आहेत. भीम थोरल्या भावाला टाकून बोलतो आहे. तुझ्या द्यूतापायी आम्हां सर्वांचे वाटोळे झाले, आता तरी ऊठ, शत्रूवर चालून जाऊ, असा त्याचा हट्ट आहे. युधिष्ठिर त्याला समजावतो, ठरलेला अवधी पुरा होऊ दे म्हणतो. पण त्याचे स्वतःचे मन काही शांत होत नाही. अशा वेळी बृहदश्व नावाचे ऋषी तेथे येतात. त्यांचे आदरातिथ्य झाल्यावर युधिष्ठिर आपली सारी हकीकत त्यांना सांगतो आणि शेवटी विचारतो : माझ्याहून अधिक दुर्दैवी असा राजा आपण कधी पाहिला आहे काय, किंवा निदान ऐकला तरी आहे काय?

मनोविकारांवर उपचार करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, धंद्यात बुडालेला व्यापारी, मूल दगावलेली आई, यांच्या बोलण्याच्या तळाशी तोच असतो. हे माझ्याच वाट्याला का आले, आणि असे भोगून पुन्हा उभे राहिलेले कोणी आहे काय, हे त्यांना विचारावयाचे असते. या प्रश्नाला उत्तर देण्याच्या दोन रीती आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. एक भीमाची, म्हणजे कानउघाडणीची. दुसरी उपदेशाची : शोक आवर, जगात असे चालावयाचेच. बृहदश्वांनी या दोन्ही रीती बाजूला ठेवल्या. तुझ्याहून अधिक दुःख भोगलेल्या एका राजाची गोष्ट तुला सांगतो, असे ते म्हणाले, आणि त्यांनी नलराजाची कथा सांगितली.

श्रोतेहो, पुराणकथा आणि लोककथा यांचा मनाच्या उपचारात आणि मनाच्या वाढीत उपयोग होतो असे आज अनेक देशांतील मानसोपचारक मानतात. तो उपयोग नेमका कशाने होतो, आणि कोठे थांबावे लागते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यास बृहदश्वांची ही कथा मोठी मदत करते, म्हणून आधी तिच्यापाशीच थोडे रेंगाळू या.

नलदमयंतीची कथा आपल्यापैकी पुष्कळांना हंस आणि स्वयंवर यांपुरती आठवते. बृहदश्वांच्या कथनाचा भर मात्र पुढच्या भागावर आहे. निषध देशाचा हा गुणी राजा. त्याच्यात शिरण्याची संधी शोधत कली बारा वर्षे टपून बसतो, आणि एके दिवशी पाय न धुता संध्येला बसण्याइतकी क्षुल्लक चूक राजाच्या हातून होताच त्याच्या शरीरात प्रवेश करतो. मग पुष्कर हा भाऊ फाशांच्या खेळाचे आव्हान देतो. नल महिनेच्या महिने खेळत राहतो. प्रजा दाराशी येऊन विनवते, दमयंती रडून सांगते. त्याला ऐकू येत नाही. दमयंती मुलांना सारथ्याबरोबर आपल्या माहेरी, विदर्भात पाठवून देते. राज्य जाते. अंगावरच्या एकेका वस्त्रानिशी दोघे बाहेर पडतात. भुकेने कासावीस झालेला नल पक्षी पकडण्यासाठी त्यांच्यावर आपले वस्त्र टाकतो, तर ते पक्षी वस्त्रासकट उडून जातात, आणि जाता जाता सांगतात की आम्ही तेच फासे आहोत. तुझ्या अंगावर वस्त्र उरावे हेही आम्हांला सोसले नाही. त्यानंतर नल झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून घेतो आणि तिला घोर अरण्यात एकटी टाकून निघून जातो.

हे सारे युधिष्ठिर ऐकत आहे, हे ध्यानात ठेवावे. द्यूताची झिंग, गेलेले राज्य, पत्नीचे ओढले गेलेले वस्त्र, आणि जिचे रक्षण करावयाचे तिच्यावर आपल्याच हाताने आणलेली आपत्ती : त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील एकेक जखम त्याच्यासमोर उघडी केली जात आहे. पण तिच्यावर नाव दुसऱ्याचे आहे. भीमाने हेच शब्द 'तू' असे म्हणून उच्चारले तेव्हा युधिष्ठिराला स्वतःचा बचाव करावा लागला. बृहदश्व 'तो' असे म्हणतात, आणि बचावाची गरजच उरत नाही. स्वतःच्या नावाने ज्या गोष्टीकडे पाहता येत नव्हते तिच्याकडे त्याला आता पाहता येते. नलाची दया येता येता त्याला स्वतःची दया येते, आणि नलाचा राग येता येता स्वतःचा दोषही दिसू लागतो. कथेचा हा पहिला गुण होय. ती दुःखाला अंतर देते, आणि ते अंतर दुःख नाकारून मिळालेले नसते.

महाभारतकाराला हे अंतर किती नेमके उमगले होते याची खूण खुद्द नलाच्याच कथेत आहे. पुढे नल विद्रूप होऊन, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी घोड्यांची चाकरी करीत असतो. दिवसाचे काम संपले की रोज रात्री तो एका स्त्रीची आठवण काढून एक श्लोक म्हणतो. जीवल नावाचा सोबती त्याला विचारतो, रोज तू हा शोक कोणाचा करतोस? त्यावर नल सांगतो की कोणी एक मंदबुद्धी पुरुष होता, त्याची एक स्त्री होती, आणि तो तिच्यापासून दुरावला. आपलीच कथा तो परक्याची म्हणून सांगतो. 'मी' म्हणून बोलण्याचे बळ अजून त्याच्या अंगी आलेले नाही. पण बोलल्यावाचूनही त्याला राहवत नाही. मानसोपचाराच्या खोलीत 'माझा एक मित्र आहे, त्याचे असे झाले' अशी सुरुवात किती जण करतात हे त्या क्षेत्रातील जाणत्यांना विचारून पाहावे. जाणता उपचारक अशा वेळी तो मित्र म्हणजे तूच ना, असे विचारण्याची घाई करीत नाही. तो त्या मित्राविषयी आस्थेने ऐकत राहतो.

कथेचा दुसरा गुण असा की ती काळ दाखवते. दुःखात बुडालेल्या मनाचा काळ थांबलेला असतो; आज आहे तसेच उद्याही असणार असे त्याला वाटते. उपदेश त्याला सांगतो की हे दिवस जातील, आणि ते त्याला खोटे वाटते. कथा हे वाक्य उच्चारत नाही. ती ते दिवस एकामागून एक जाताना दाखवते. वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला नल उचलून बाहेर आणतो, तर नाग दहाव्या पावलाला त्यालाच दंश करतो. नलाचे रूप नष्ट होते. उपकाराची ही फेड पाहून श्रोत्याला संताप यावा, तोच नाग उलगडा करतो : तुला कोणी ओळखू नये म्हणून मी तुझे रूप बदलले आहे; आणि माझे विष तुला बाधणार नाही, तुझ्या आत जो दडून बसला आहे त्याला ते जाळीत राहील. या प्रसंगाचा अर्थ बृहदश्व सांगत नाहीत. मानखंडनेचे दिवस हे आतल्या विकाराचा क्षय होण्याचेही दिवस असू शकतात, हे ज्याचे त्याने ओळखावयाचे आहे. वनवासी राजाला ते ओळखण्यास फार वेळ लागला नसेल.

आणि आता मला जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो तो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो. सारथी बाहुक, म्हणजे नल. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवतो. नल रथ थांबवतो, झाड पाडतो, स्वतः मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते. तेव्हा तो राजाजवळ ही विद्या मागतो आणि मोबदल्यात आपली अश्वविद्या देऊ करतो. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो, आणि त्याच क्षणी कली कर्कोटकाचे विष ओकत नलाच्या शरीरातून बाहेर पडतो व त्या बेहड्याच्या झाडात शिरतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. कली आपल्या मूळ घरी परत गेला. पण तो गेला केव्हा? नलाने पश्चात्ताप केला तेव्हा तो गेला नाही, रोज रात्री शोक केला तेव्हाही गेला नाही. ज्या गोष्टीने आपला घात केला तिचे मर्म नलाने समजून घेतले, तेव्हा तो गेला. आणि ही विद्या त्याने भिक्षा म्हणून घेतली नाही; त्या हीन अवस्थेतही आपल्यापाशी उरलेले कौशल्य मोबदल्यात देऊन घेतली.

कथा संपते, नल पुन्हा खेळतो, जिंकतो, राज्य मिळवतो आणि पुष्कराला क्षमा करतो. यानंतर बृहदश्व युधिष्ठिराला म्हणतात की नल एकटा होता, तुझ्याजवळ तर बंधू आहेत, द्रौपदी आहे, विद्वान ब्राह्मण आहेत. पण ते येथेच थांबत नाहीत. कोणी पुन्हा द्यूताला बोलावील अशी तुला धास्ती आहे, ती मी घालवतो, असे म्हणून ते युधिष्ठिराला प्रत्यक्ष अक्षहृदय शिकवतात, आणि मग निघून जातात. प्रथम कथा, नंतर विद्या. नुसती विद्या आधी दिली असती तर खचलेल्या मनाने ती घेतली नसती. नुसती कथा देऊन ऋषी गेले असते तर चार दिवसांच्या दिलाशापलीकडे तिचा उपयोग झाला नसता.

आधुनिक मानसशास्त्र कथांकडे वळले ते निराळ्या वाटेने. सिग्मंड फ्रॉइडने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या स्वप्नमीमांसेच्या ग्रंथात सोफोक्लीझच्या इडिपसचा आधार घेतला, आणि पुढे इडिपस गंड हा शब्द जगभर रूढ झाला. कार्ल युंगने त्याही पुढे जाऊन असे मांडले की पुराणकथांतील प्रतिमा या साऱ्या मानवजातीच्या समाईक अबोध मनातून येतात, आणि म्हणून दूरदूरच्या लोकांच्या कथांत व आजच्या रुग्णांच्या स्वप्नांत त्या सारख्या रूपाने आढळतात. आपल्याकडे १९२२ साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांचा फ्रॉइडशी दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि आपल्या रुग्णांचा अनुभव फ्रॉइडच्या मांडणीशी सर्वस्वी जुळत नाही, हे त्यांनी आदराने पण स्पष्टपणे कळवले होते. याच बोसांनी बंगालीत पुराणांवरही ग्रंथ लिहिला.

बोसांची ही सावधगिरी पुढे लोककथांच्या अभ्यासानेही योग्य ठरवली. इरावती कर्वे यांनी १९५० साली 'मॅन' या मानवशास्त्रीय नियतकालिकात इडिपसकथेचे एक मराठी रूप प्रसिद्ध केले. पुढे ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकात ऐकलेली तशीच कथा मांडली. या दोन्ही कथांत केंद्रस्थानी मुलगा नाही, आई आहे. स्वतःच्याच मुलाशी लग्न होईल असे तिच्या भाळी लिहिलेले असते, आणि ते टाळण्यासाठी तिने केलेली प्रत्येक धडपड तिला त्याच ठिकाणी नेते. ग्रीक नायक विचारतो, अपराधी कोण? आमच्या कथेतील स्त्रीपुढे प्रश्न असा की, जे लिहिले गेले ते घेऊन जगावे कसे? सांगाडा एक, प्रश्न दोन. म्हणून उपचारकाने पाठ्यपुस्तकातील कथा रुग्णाच्या गळ्यात बांधण्यापूर्वी त्याच्या घरी कोणत्या कथा सांगत असत हे विचारावे. कोणाच्या घरी हरिश्चंद्राची कथा असेल, कोणाच्या घरी किसा गौतमीची, कोणाच्या घरी अय्यूब पैगंबरांच्या धीराची, तर कोणाच्या घरी गावच्या देवीची.

कथेने खरोखर काय साधते याची दोन उदाहरणे अलीकडच्या काळातून देतो. जोनाथन शे हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ बॉस्टन येथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करीत. दिवसा संशय, रात्री भयस्वप्ने आणि अनावर क्रोध यांनी पोखरलेली ही माणसे. त्यांच्या हकीकती ऐकताना शे यांना होमरच्या 'इलियड'मधील अकिलीझ आठवू लागला. सेनापतीने केलेला अन्याय, जिवलग पॅट्रोक्लसचा मृत्यू, आणि त्यानंतर माणुसकीची मर्यादा ओलांडणारा संहार, हा क्रम त्यांना त्या सैनिकांच्या आयुष्यात जसाच्या तसा दिसला. १९९४ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. पुढे २००८ पासून अमेरिकेतच ब्रायन डोरीझ यांनी सोफोक्लीझच्या 'अजॅक्स'सारख्या नाटकांचे वाचन सैनिकांपुढे व त्यांच्या कुटुंबांपुढे करण्याचा उपक्रम चालवला. वाचन संपले की श्रोत्यांनी बोलावयाचे. लाजेने वर्षानुवर्षे गप्प बसलेला मनुष्य अजॅक्सविषयी बोलू शकतो, आणि अजॅक्सविषयी बोलता बोलता स्वतःविषयी. जीवलापाशी बोलणाऱ्या नलाची ही अडीच हजार वर्षांच्या नाटकाने केलेली सोय आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत मनोविकारशास्त्राचा विभाग उभा करणारे डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी २००४ साली एका लेखात 'हनुमान गंड' ही कल्पना मांडली. समुद्रकाठी वानर हताश होऊन बसलेले आहेत. कोणी म्हणतो मी दहा योजने उडेन, कोणी वीस. अंगद म्हणतो मी पलीकडे जाईन, पण परत येईन की नाही हे सांगवत नाही. आणि ज्याच्या अंगी हे सामर्थ्य आहे तो हनुमान एका बाजूला मुकाट बसला आहे. ऋषींच्या शापाने त्याला आपल्या बळाचे विस्मरण झाले आहे. अशा वेळी वृद्ध जांबवान त्याच्याजवळ जातो. विगांचे म्हणणे असे की अनेक रुग्णांची अवस्था हीच असते; सामर्थ्य संपलेले नसते, त्याची आठवण हरवलेली असते, आणि उपचारकाने जांबवानाचे काम करावयाचे असते. यात मी एकच गोष्ट अधोरेखित करू इच्छितो. जांबवान हनुमानाला दुसऱ्या कोणाची कथा सांगत नाही. तो त्याला त्याच्याच जन्माची आणि बाळपणी सूर्याकडे झेपावल्याची कथा सांगतो. कथोपचाराची परिणती बहुधा अशीच असते. आरंभी नलाची, अकिलीझची, हनुमानाची कथा हवी असते. शेवटी मनुष्याला स्वतःची कथा नीट सांगता येऊ लागते.

म्हणूनच ऐकण्याइतकेच सांगण्याला महत्त्व आहे. रामानुजन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय लोककथांच्या संग्रहात एक तमिळ कथा आहे. एका विधवेचे दोन मुलगे आणि दोन सुना तिचा छळ करीत. तिला कोणाजवळ मन मोकळे करता येईना. सारे दुःख पोटात ठेवल्याने ती फुगत चालली, आणि तिच्या लठ्ठपणाबद्दल घरचे तिला आणखीच टोचून बोलू लागले. एके दिवशी भटकत ती गावाबाहेरच्या एका पडक्या घरात शिरली. छप्पर उडालेले, चार भिंती तेवढ्या उभ्या. समोरच्या भिंतीला तिने थोरल्या मुलाची तक्रार सांगितली. भिंत कोसळली आणि तिचे अंग थोडे हलके झाले. दुसऱ्या भिंतीला सुनेची तक्रार सांगितली, तीही कोसळली. अशा चारही भिंती पडल्या, आणि ती म्हातारी हलक्या अंगाने, हलक्या मनाने घरी परतली. मनोविश्लेषणाचा जन्म व्हिएन्नात झाला असे आपण शिकतो, आणि शास्त्र म्हणून ते खरेही आहे. पण न बोललेले दुःख शरीरात साठते आणि बोलल्याने निचरते, हे ती कथा रचणाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्याचबरोबर हेही खरे की घरी तेच मुलगे आणि त्याच सुना तिची वाट पाहत होत्या. कथा पुढचे काही सांगत नाही. पुढचे काम उपचाराचे, शेजाऱ्यांचे, आणि प्रसंगी कायद्याचेही आहे.

येथे धोक्यांचाही विचार करावयास हवा. पहिला धोका असा की कथा ही सोडवणूक होण्याऐवजी बेडी होऊ शकते. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या स्त्रीला सावित्रीची कथा सांगून सोसावयास लावणे, याला उपचार म्हणता येणार नाही. वास्तविक वनपर्वातील सावित्री सोशिक नाही. ती रथात बसून स्वतः वर शोधावयास निघते, नारदांनी अल्पायुषी म्हणून सांगितले तरी आपली निवड बदलत नाही, आणि प्रत्यक्ष यमाला बोलण्यात गुंतवून एकेक वर मिळवते. आपण तिच्यातून ही बुद्धी आणि हे धैर्य गाळले आणि वडाला गुंडाळलेला दोरा तेवढा शिल्लक ठेवला. अर्धी सांगितलेली कथा कधी कधी न सांगितलेल्या कथेपेक्षा अधिक घातक असते.

दुसरा धोका अर्थ सांगण्याचा. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली परीकथांवर लिहिलेला ग्रंथ जगभर गाजला. पुढे त्यांच्या वागणुकीविषयी आणि त्या ग्रंथातील उसनवारीविषयी गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तथापि त्यांचा एक इशारा ग्राह्य आहे : मुलाला कथा सांगावी, तिचा अर्थ सांगू नये. अर्थ सांगितला की मुलाने स्वतः शोधून मिळवावयाचे ते त्याच्या हातून हिरावून घेतले जाते. मोठ्यांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

तिसरा धोका वैद्यकीय आहे. ज्याच्या मनाला भास आणि वास्तव यांतील भेद कळेनासा झाला आहे, त्याला देवदानवांच्या कथा सांगणे म्हणजे त्याच्या भ्रमाला नवे सूत पुरविणे होय. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत त्याला कथा ऐकवीत वेळ घालवणेही घोर चूक ठरेल. अशा माणसाला आधी तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले पाहिजे, त्याच्याजवळ कोणीतरी राहिले पाहिजे, आणि औषध लागेल तर ते दिले पाहिजे. कथेची जागा त्यानंतर, आणि औषधाच्या शेजारी आहे.

ज्यांना कोणताही विकार नाही, अशा तुमच्याआमच्यासाठीही या कथांचा उपयोग आहे. लहानपणी मनात रुतून बसलेली एखादी कथा मोठेपणी पुन्हा काढून पाहावी, आणि तिच्यात आपण आज कोठे उभे आहोत हे पाहावे. श्रावणबाळाची कथा घ्या. लहानपणी आपण सारे श्रावण असतो. खांद्यावर कावड घेऊन निघतो. पुढे केव्हातरी, मुले दूर देशी गेल्यावर, आपण त्या कावडीतील आंधळे आईबाप होतो आणि पाण्याची वाट पाहू लागतो. पण तिसरीही एक जागा त्या कथेत आहे. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा सांगतो तो दशरथ, राम वनात गेल्यानंतरच्या एका मध्यरात्री, मरणाच्या दारात, कौसल्येला. तारुण्याच्या मदात, अंधारात, केवळ आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण त्याला इतक्या वर्षांनी आठवतो. पुरते न पाहता, कानावर आलेल्या शब्दावरून आपणही कोणावर असा बाण सोडला आहे काय, हा प्रश्न ज्या दिवशी त्या जुन्या कथेतून आपल्या समोर येतो, त्या दिवशी आपली समज एक पायरी वर चढलेली असते. दशरथाने ही कथा फार उशिरा सांगितली. आपल्याला ती वेळेवर आठवू शकते.

शेवटी आमच्या मराठी घरांतील चातुर्मासाच्या कहाण्यांकडे वळतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी श्रोत्यांनीही त्या आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणी झालेल्या लेकीला बापाची कहाणी ऐकावयास सवड नसते, आणि तिच्या घरी दारिद्र्य येते. दिवस फिरतात, ती कहाणी ऐकते, वसा घेते. आणि मग परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला ती आपली कहाणी ऐकणारा उपाशी माणूस शोधत जाते. तिला भेटतो तो मोळीविक्या, विहीर आटलेला माळी, मुलगे गमावलेली म्हातारी, आणि हातपाय नसलेला मांसाचा गोळा. प्रत्येक वेळी ती सहा मोती काढते. तीन ऐकणाऱ्याला देते आणि तीन स्वतःजवळ ठेवते. या विभागणीत फार मोठे शहाणपण आहे. कथा सांगणारा दाता आणि ऐकणारा याचक असा भेद तेथे नाही. ऐकणाऱ्यामुळे सांगणाऱ्याचे व्रत पुरे होते. दोघांचा वाटा सारखा. ज्या उपचारकाला रुग्णाकडून आपल्यालाही तीन मोती मिळत आहेत हे कळले, त्याच्या हातून रुग्णाचा अवमान होणे कठीण.

कहाणी ऐकून मोळीविक्याची मोळी सोन्याची होते, माळ्याच्या विहिरीला पाणी येते, म्हातारीचे मुलगे परत येतात. पण त्यांच्यापैकी कोणी तेवढ्यावर समाधान मानीत नाही. नुसते ऐकल्याचे हे फळ, मग वसा घेतल्याचे काय असेल, असे ते विचारतात आणि वसा मागून घेतात. वसा म्हणजे नेमाने, रोजच्या रोज, न कंटाळता करावयाची लहानशी कृती. बृहदश्वांनी कथेनंतर अक्षहृदय दिले ते याच न्यायाने. आजचा मानसोपचारकही रुग्णाला कथेपाशी सोडून देत नाही. सकाळी ठराविक वेळी उठणे, दिवसातून एकदा कोणाशी तरी बोलणे, ज्या गोष्टीचे भय वाटते तिच्याकडे रोज एकेक पाऊल जाणे, असे साधेसे नेम तो लावून देतो. कथेने दार उघडते. त्या दारातून चालत जाण्याचे काम वशाचे आहे. घरात कोणी खचलेला असेल तर त्याच्याजवळ बसावे, आधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे, मग त्याला मानवेल अशी एखादी गोष्ट सांगावी, तिचा अर्थ मात्र सांगू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर चार पावले चालावयास बाहेर पडावे.